आमची वाटचाल : बैलांच्या साजापासून कुत्र्याच्या पट्ट्यापर्यंत

आटपाडीतलं आमचं दुकान मुळात बैलांच्या साजाचं. कासरे, म्होरक्या, वेसणी, घुंगरमाळा. खरसुंडीला यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरला की आमची दिवाळी. ट्रॅक्टर आले तसा धंदा उतरत होताच. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली आणि हौशी साजही थांबला. त्या रिकामपणात मेंढपाळ येऊन विचारू लागले, “दादा, कुत्र्याला खिळ्यांचा पट्टा करून देता का?”

माणदेशात लांडगा आहे, आणि वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, घाटाकडं सरकला की बिबट्या. दोघंही नरडं धरतात. म्हणून पट्टा रुंद आणि दोन पदरी चामड्याचा. खिळ्यांची डोकी दोन पदरांच्या मध्ये दाबलेली, टोकं बाहेर. आतून वापरून मऊ झालेल्या घोंगडीची पट्टी शिवतो, म्हणजे मान सोलत नाही. पट्टा आणि मान यांत दोन बोटं जायला हवीत. पावसाळ्यात तो रोज काढून मान बघायची. ओल्या चामड्याखाली जखम झाली तर किडे पडायला वेळ लागत नाही. पिल्लाला खिळे घालत नाही. ते दिवसभर कोकरांशी झोंबत असतं.

ही झोंबाझोंबीच त्याची शाळा. धनगरी कुत्रं परदेशी शीपडॉगसारखं मेंढ्या वळत नाही. वळणं हे मेंढक्याचं काम, कुत्र्याचं काम राखण. डोळे उघडल्यापासून पहिले दोन-तीन महिने कोकरांत गेले तर ते कळपाला आपलं मानतं आणि रात्री वाघरीभोवती, म्हणजे मेंढ्यांच्या जाळीच्या कुंपणाभोवती, जागं राहतं. मोठेपणी आणलेल्या कुत्र्याकडून ही अपेक्षा धरू नये. 2005 मध्ये टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली. मुधोळ होता, हिमालयन शीपडॉग होता. आमचा धनगरी नव्हता. त्याचं त्याला काही नाही म्हणा, आम्हालाच लागतं.

आता पट्ट्याबरोबर आम्ही एक प्रश्नही देतो : जंताचं औषध कधी दिलं? मेंढी मेली की डोकं, काळीज (यकृत), फुप्फुस कच्चंच कुत्र्यापुढं टाकायची पद्धत आहे. त्यातून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर जातात. तो चारा खाऊन मेंढीच्या मेंदूत गाठ झाली की ती एकाच जागी गोल फिरत राहते. लोक बाहेरचं काहीतरी समजतात. दुसऱ्या एका जातीच्या कृमीमुळं माणसाच्या काळजातही पाण्याच्या गाठी होतात. म्हणून तो ऐवज उकळून घाला, नाहीतर खोल पुरा, आणि जनावरांच्या डॉक्टरांना विचारून ठरावीक अंतरानं प्राझिक्वांटेल द्या. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, पुढं डॉक्टर सांगतील तशी. गोचीड रोज हातानं चाचपायची. नुसत्या भाकरी-ताकावर राखणीचं अंग धरत नाही, अधूनमधून अंडं किंवा शिजवलेलं मांस हवं.

2021 च्या डिसेंबरात शर्यतींना परवानगी मिळाली, साज पुन्हा खपू लागला, पण पट्ट्यांचं मशीन हलवलं नाही. पुण्याकडच्या फार्महाऊसवाल्यांचेही फोन येतात. दिसायला रुबाबदार म्हणून त्यांना खिळ्यांचाच पट्टा हवा असतो. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला तो आम्ही देत नाही. साधा देतो, घोंगडीची पट्टी तीच.