नातीचा टुटू फ्रॉक आणि मऊ नेटचा शोध

नातीच्या तिसऱ्या वाढदिवसासाठी ट्यूलचा घेरदार टुटू फ्रॉक घरीच करायचा असे ठरवले, तेव्हा मला शिवणाची मुळीच धास्ती वाटली नव्हती. झबली, कुंच्या, परकर-पोलकी यांवर माझा हात बसलेला आहे; आणि ज्या फ्रॉकचा घेर शिवायचाही नसतो, नुसत्या पट्ट्या इलॅस्टिकला गाठी मारून अडकवायच्या असतात, तो तर एका दुपारचे काम, असा माझा हिशेब होता. तो हिशेब बरोबरच निघाला. मात्र त्या दुपारपर्यंत पोहोचण्यासाठी पुण्याच्या बाजारात जे सोसावे लागले, त्याचा राग अजून पुरता निवलेला नाही.

ट्यूल म्हणजे बारीक षट्कोनी छिद्रांची अत्यंत हलकी जाळी. आपल्याकडे ती दुकानात नेट म्हणूनच मागायची, आणि मागताना ‘सॉफ्ट नेट’ असे स्पष्ट सांगायचे, कारण नुसते नेट म्हटले की समोर कॅनकॅन येऊन पडते. कॅनकॅनचे काम घागऱ्याच्या आत राहून त्याचा भार तोलून धरण्याचे असते. म्हणून तिचा धागा जाड आणि ताठ असतो, छिद्रे मोठी असतात, आणि कापलेली कड हाताला टोचते. नवरीच्या घागऱ्याखाली अस्तराआड ती खुशाल असावी. तीन वर्षांच्या मुलीच्या उघड्या मांड्यांवर ती घालणे म्हणजे तिला झाडूच्या हिरांचा परकर नेसवण्यासारखे आहे.

रविवार पेठेतल्या एका मोठ्या दुकानात मी हे सारे शांतपणे समजावून सांगितले. लग्नसराईचे दिवस होते. विक्रेत्याने मान डोलावली, “बसा मावशी, आतून मागवतो,” असे म्हणून मला स्टुलावर बसवले, आणि माझ्यानंतर आलेल्या वऱ्हाडांपुढे एकामागून एक ताके उलगडत राहिला. बऱ्याच वेळाने माझ्यापुढे जे आले ते पुन्हा कॅनकॅनच होते, फक्त गुलाबी. “धुतल्यावर मऊ पडते,” असे तो ठामपणे म्हणाला. मी वीतभर तुकडा मागितला, तेव्हा नमुना कापून देण्याची पद्धत नसल्याचे कळले. अखेर ताक्याच्या टोकाची वाकडी कापलेली चिंधी मीच मागून घेतली, घरी कोमट पाण्यात धुतली आणि वाळवली. ती होती तशीच राहिली. काही जाळ्यांना नुसती खळ दिलेली असते, त्या धुतल्यावर खरोखरच नरम होतात. पण जिथे धागाच जाड आहे, तिथे पाणी काय करणार?

दुसऱ्या खेपेला मी ती धुतलेली चिंधी घेऊन गेले आणि गल्ल्यावरच्या मालकांपुढे ठेवली. त्यांनी चिंधीकडे पाहिलेही नाही. “सगळे हीच नेतात,” एवढे बोलून त्यांनी चमकी लावलेली नेट दाखवायला सांगितले. ती मात्र मऊ होती, हे मान्य करायला हवे; पण हात फिरवताच तळवा चकाकू लागला. ज्या वयातल्या मुली फ्रॉकचे टोक तोंडात घालतात आणि त्याच हातांनी डोळे चोळतात, त्या वयात चमकीला घरात थारा नसावा, असे माझे ठाम मत आहे. साधी, बिनचमकीची मऊ नेट हवी असेल तर गोदामातून येईल, परंतु पूर्ण ताका घ्यावा लागेल, असे मग सांगण्यात आले. पाच मीटर कापडासाठी ताका घेऊन मी काय मंडप बांधणार होते? बरीच घासाघीस झाल्यावर “सोमवारी या, कापून देतो,” असा वायदा मिळाला. सोमवारी गोदामाचा माणूस आलेला नव्हता. त्यानंतर गेले तेव्हा तो येऊन गेला होता, पण नेट आणायची राहिली होती. फोन करून विचारावे तर फोन उचलणारा प्रत्येक वेळी निराळा, आणि प्रत्येकाला ट्यूलपासून सगळे नव्याने सांगायचे. वाढदिवस मात्र कोणासाठी थांबणार नव्हता.

शेवटी हवी तशी नेट मिळाली ती कापडगंजाच्या बाजूला, एका अरुंद दुकानात. तिथल्या वयस्क गृहस्थांनी “किती वर्षांचं बाळ?” एवढाच प्रश्न विचारला आणि वरच्या फळीवरून फिकट जांभळा ताका काढून माझ्या पुढ्यात टाकला. मी नेटची कड कोपराच्या आतल्या बाजूला आणि मानेवर घासून पाहिली. ही परीक्षा प्रत्येकाने दुकानातच करावी, कारण बोटांची कातडी राठ असते आणि तिला टोचणे कळत नाही.

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, न विचारता नेट कधीही घेऊ नये. मला ६ इंच रुंद आणि २५ इंच लांब अशा साधारण ६० पट्ट्या हव्या होत्या. पट्टी मधोमध दुमडून अडकवली की जवळपास १२ इंचांचा घेर लोंबतो, आणि तो तीन वर्षांच्या मुलीच्या गुडघ्यापर्यंत येतो. ५८ इंच पन्ह्याच्या नेटमध्ये एका ओळीत अशा ९ पट्ट्या बसतात, म्हणून ५ मीटरमध्ये ६३ निघतात. तेवढ्याच लांबीच्या ४४ इंच पन्ह्यातून मात्र ४९ पट्ट्यांवर समाधान मानावे लागते. नेट कापताना सरकते, म्हणून घडी घालून कडांना कपड्यांचे चिमटे लावावेत. तिचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे कड दुमडण्याची गरज नाही.

पुढचे सारे सरळ आहे. कंबर २० इंच होती, म्हणून १ इंच रुंदीचे इलॅस्टिक १८ इंच घेऊन त्याची टोके एकमेकांवर ठेवून शिवली आणि ते कडे पोह्यांच्या स्टीलच्या डब्यावर चढवले. पट्टी दुमडून तिचा फास इलॅस्टिकमागून घ्यायचा आणि दोन्ही टोके त्यातून ओढायची. गाठ बेताची आवळावी. फार आवळली तर इलॅस्टिक गुंडाळले जाऊन त्याची दोरी होते आणि ती कमरेत रुतते. वरच्या भागासाठी नातीचाच बिनबाह्यांचा होजिअरीचा टॉप घेतला आणि इलॅस्टिक ताणून धरत त्याला हाताने टाके घातले. गाठींच्या मागे मलमलीचे अस्तर लावले. नेट कितीही मऊ असली तरी अस्तर हवेच. इस्त्री अगदी मंद, आणि तीही सुती कापड वर ठेवूनच करावी, नाहीतर नेट वितळते.

वितळण्यावरून आठवले, आणि ही गोष्ट खरे तर सर्वांत आधी सांगायला हवी होती. वाढदिवसाला आपल्याकडे औक्षण होते, निरांजन मुलीच्या अगदी समोर फिरते, आणि हल्ली त्यापाठोपाठ केकवरच्या मेणबत्त्याही येतात. नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची नेट पेटते आणि वितळून कातडीला चिकटते. पॅरिसच्या ऑपेरातील नर्तिका एमा लिव्री हिचा तलम झगा १८६२ साली तालमीच्या वेळी गॅसच्या दिव्यावर पेटला आणि १८६३ मध्ये ती त्या जखमांनी मरण पावली. आगीपासून बचाव करणारे द्रावण लावलेला झगा उपलब्ध असूनही, तो ताठ आणि मळकट दिसतो म्हणून तिने नाकारला होता. मऊपणाचा हट्ट मीही धरला होता, म्हणून आमच्याकडे औक्षण साध्या सुती फ्रॉकवर केले, टुटू त्यानंतर घातला, आणि मेणबत्त्या मुळीच लावल्या नाहीत. सूनबाईंना हा अतिरेक वाटला, वाटू दे.

फ्रॉक घरी हातांनीच धुवावा आणि कमरेकडून चिमटे लावून टांगून वाळवावा, म्हणजे घेर बसत नाही. मणी, टिकल्या शिवू नयेत, कारण त्या सुटल्या की तोंडात जातात. आणि नेट आणायचीच असेल तर लग्नसराईत जाऊ नये. पितृपक्षात जावे. त्या पंधरवड्यात नव्या कापडाला हात लावणारे फारसे कोणी नसते, दुकाने ओस असतात, आणि विक्रेत्यांना ताके उलगडून दाखवायला, इतकेच काय नमुना कापून द्यायलाही वेळ असतो. पितरांची यात काही हरकत असेल असे मला वाटत नाही.