थरथर गेली, मोठ्या डिस्कचे पैसे आता टायरला

गेली एकदाची थरथर! काल पाचोऱ्याकडे जाताना पुढे-मागे मोकळा रस्ता बघून ८० वरून दाबून ब्रेक मारला. परत मारला. स्टेअरिंग जागचं हललं नाही. मागचे अपडेट वाचलेल्यांना हे दुखणं किती जुनं आहे ते माहीतच आहे. लेथवर ब्रेकची डिस्क (चाकामागची लोखंडी तबकडी, जिला पॅड दाबतात) साफ करून आणली की काही आठवडे गाडी गुमान थांबायची. मग पेडलला हलकी धडधड सुरू व्हायची, आणि थोड्या दिवसांनी ८० ते ६० च्या मध्ये स्टेअरिंग हातात थरथरायचं. पॅड बदलले, तेच. कंपनीची नवी डिस्क टाकली, काही दिवसांनी परत तेच. जो तो म्हणायचा, डिस्क वाकली, गाडी तापते, मोठा ब्रेक बसव.

नव्यांसाठी थोडक्यात: २०१३ ची स्विफ्ट डिझेल, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही, १४ इंची रिम. रोज जळगाव-पाचोरा, अधूनमधून घरच्यांना घेऊन चाळीसगाववरून कन्नड घाटाने संभाजीनगर. केळीचे ट्रक, दिवे नसलेले कपाशीचे ट्रॅक्टर आणि अचानक समोर येणारे स्पीडब्रेकर, यांच्यासाठी ब्रेक लागतो. रेसिंगसाठी नाही.

तर, मूळ कारण. एमआयडीसीतल्या लेथवाल्या नानांनी डिस्क मशिनवर चढवली, डायल गेज (बारीक वाकडेपणा मोजणारं काट्याचं घड्याळ) टेकवला, काटा जेमतेम ०.०२ मिमी हलला. "डिस्कमा काहीज खोट नही शे, भाऊ. गाडीवर लाईसन देख." तीच डिस्क घरी आणली, हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो फिरणारा भाग) बसवली, चारही नट वॉशर घालून आवळले आणि गेजचा मॅग्नेटवाला स्टँड नकलला (हबला धरून ठेवणाऱ्या, न फिरणाऱ्या भागाला) चिकटवला. हाताने सावकाश एक फेरा दिला. काटा ०.१७! डिस्क सरळ, पण गाडीवर बसली की वाकडी. सगळा घोळ डिस्क आणि हबच्या मधल्या जागेत होता.

डिस्क काढायला हातोडी घेऊ नका. या डिस्कला दोन आटे पाडलेली भोकं असतात. त्यात ८ एमएमचे दोन बोल्ट घाला आणि आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळा. कट् असा आवाज होतो आणि डिस्क आपोआप सुटते. मागे हबच्या तोंडावर तपकिरी गंजाचा थर होता. नुसत्या डोळ्याला तो सपाटच दिसत होता. नख फिरवलं तेव्हा स्टडच्या (चाकाचे नट ज्यावर आवळतात त्या दांड्यांच्या) बुडाशी खपल्यांची उंच कड लागली. वायर ब्रशने मोकळा गंज काढला, मग लाकडाच्या सपाट ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून हळूहळू घासलं. ग्राइंडर लावायचा मोह टाळा, हबचा धातू गेला तर परत येत नाही. स्टडच्या मुळाशी जुन्या स्क्रूड्रायव्हरने खरवडावंच लागतं, ब्रश तिथे पोचत नाही. डिस्कची आतली बाजूही तशीच घासली.

आता नुसत्या हबचं रीडिंग ०.०३. डिस्क चढवली, ०.०८. मग एक भोक पुढे फिरवून बसवली, ०.०४. चार स्टड म्हणजे चार जागा; चारही बघा आणि सगळ्यात कमी काटा हलेल तिथे स्टडला आणि भोकाला पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. म्हणजे पुढच्या वेळी डिस्क उतरवली तरी तीच जागा सापडते. दुसऱ्या बाजूलाही हेच केलं. तिथला गंज कमी होता, पण ०.११ वरून ०.०५ वर आलं. ते ०.०४ बघितलं तेव्हा झालेला आनंद नवी गाडी घेतानासुद्धा झाला नव्हता.

एवढ्याशा खपलीने एवढं का होतं? हबचं तोंड लहान, डिस्कची कड त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब. त्यामुळे मुळाशी असलेला फरक कडेला दुप्पट होऊन दिसतो. बरं, नुसत्या रनआउटने (फिरताना डिस्क आत-बाहेर हलण्याने) लगेच थरथर येत नाही, कारण कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिनांवर सरकून ते सोसतो. पण ब्रेक सोडलेला असतानाही डिस्कचा तोच भाग दर फेऱ्याला पॅडला घासत राहतो. काही हजार किलोमीटरमध्ये तेवढीच जागा बारीक झिजते, आणि जाडीतला तो फरक पायाला आणि हाताला जाणवतो. लेथवर जाडी सारखी करून मिळते, पण गंज तिथेच राहतो, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा पहिल्यापासून. म्हणूनच माझं ठाम मत आहे की गेज लावल्याशिवाय कुणीही डिस्क लेथला देऊ नये. दरवेळी डिस्क पातळ होते आणि तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या जवळ जाते. मॅग्नेटिक स्टँडसकट साधा गेज एका पॅड सेटच्या आसपास पैशात मिळतो.

दुसरं कारण पंक्चरवाल्याकडची एअर गन. एक नट जीव खाऊन आवळलेला, शेजारचा त्याच्या निम्मा. अशाने बरी डिस्कही ओढली जाते. आता चाक कुठेही उघडलं तरी नट हाताने लावून घेतो आणि घरी टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) मॅन्युअलच्या आकड्यावर, समोरासमोर, दोन टप्प्यांत आवळतो.

आता अपग्रेड. मागच्या पोस्टमध्ये मोठी डिस्क, मोठ्या पिस्टनचा कॅलिपर आणि १५ इंची रिम असा बेत सांगितला होता. तो रद्द. मोठ्या पिस्टनला तेल जास्त लागतं, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेल ढकलणारा पंप) तोच ठेवला तर पेडल खोल जातं. शिवाय पुढचा ब्रेक वाढला आणि मागचे ड्रम तेच राहिले की पुढची चाकं आधी लॉक होणार, आणि एबीएस नसलेल्या गाडीत चाक लॉक झालं की स्टेअरिंगही गेलं. माझे आत्ताचे ब्रेक ८० ला चाक लॉक करू शकतात, म्हणजे मर्यादा टायरची आहे. टायर सहा वर्षांचे झालेत, रबर कडक पडलंय. डिस्कचे पैसे तिकडे वळवले. भोकं पाडलेल्या डिस्कचं तर नावच नको, रोजच्या गाडीत भोकांपाशी तडे जाण्याची भीती आणि फायदा शून्य.

घाटासाठी खरी गरज ब्रेक ऑइलची. चार माणसं आणि सामान धरून गाडी १३०० किलो समजा, २५० मीटर खाली उतरली की सुमारे ३२ लाख ज्यूल उष्णता कुठेतरी जायला हवी. हे १०० वरून पूर्ण थांबण्याच्या सहा वेळांइतकं आहे. गिअर खाली ठेवला तर इंजिन त्यातला बराच भाग घेतं, बाकी डिस्कवर येतो. डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) कोरडं असताना कमीत कमी २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १४० ला; डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. पावसाळे खाल्लेलं जुनं तेल आणि मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन, हे गणित मला पसंत नाही. डॉट ४ भरलं, दर दोन वर्षांनी बदलणार. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला पेडल मारणारा माणूस हवा, पुतण्या "काका, दाबू?" विचारत शेवटपर्यंत नेटाने बसला. कॅलिपरच्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावलं. पिवळं साधं ग्रीस रबर फुगवतं, ते इथे चालत नाही.

पॅड मात्र अजून ठरले नव्हते. सेमी-मेटॅलिक (धातू मिसळलेले) घ्यायचे आणि मोकळे व्हायचे असं लिहायला बसलो होतो, पण वरचं पिनांचं लिहिताना सुचलं: डावी-उजवी बाजू सारखी तापते का, हे मी कधी मोजलंच नाही! एखादी पिन अडकत असेल तर नवे पॅडही एकाच बाजूने झिजणार. तेव्हा पॅड थांबवले. मित्राच्या वेल्डिंग वर्कशॉपमधली लेझरची तापमान गन मागून आणतो, कन्नड घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला गाडी उभी केली की लगेच चारही चाकांचे आकडे घेतो. पाय ब्रेकवर न ठेवता, कारण तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरला की तिथेच त्याचा छाप उमटतो. मागचे ड्रम अगदी थंड निघाले तर शूचं (ड्रमच्या आतल्या पॅडचं) ॲडजस्टर उघडून बघायचं, हँडब्रेकही हल्ली जरा वरच्या दातापर्यंत येतोय. बारा वर्षांचे रबर होजही (ब्रेक ऑइलच्या नळ्या) त्याच दिवशी वाकवून तपासतो, बारीक भेगा दिसल्या तर कंपनीचेच नवे. स्टीलच्या जाळीचे होज कुणी रोजच्या गाडीला तीन-चार पावसाळे वापरले असतील तर सांगा, जाळीखालचं रबर कसं टिकलं ते मला हवंय.