शेवंतीचे शेंडे खुडता खुडता

शेवंती लावली की आपोआप फुलते असा माझा समज होता, आणि पहिल्या वर्षी फुललीही म्हणा, पण कशी, तर झाड अडीच फूट उंच, खालची पानं वाळलेली, वर चार काड्या आणि त्यांच्या टोकाला माना टाकलेली फुलं. काठी बांधली तर दुसऱ्या बाजूनं वाकलं.

दुसऱ्या वर्षी कळलं की हिचा शेंडा खुडावा लागतो. रोप साधारण 15 सेंमीचं झालं, सहा-सात पानं आली की टोकाचा दोनेक सेंमी कोवळा भाग चिमटीत धरून काढून टाकायचा. शेंडा जागेवर असतो तोवर तो खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही, तो गेला की पानांच्या बेचक्यातनं तीन-चार फुटवे निघतात, ते बोटभर वाढले की त्यांचेही शेंडे काढायचे. पहिल्यांदा हात धजावत नव्हता, मग मात्र मला इतकी चटक लागली की येता-जाता खुडतच सुटले. झाड काय सुंदर झालं, गोल, गच्च, आणि फुलं? पाच! दिवस लहान व्हायला लागले तरी माझं खुडणं चालूच होतं आणि कळ्या नेमक्या त्याच शेंड्यांत धरत होत्या. स्वतःच्या हातानं फुलं केरात टाकली मी.

तिसऱ्या वर्षी कॅलेंडरवर लाल खूण केली, फुलं यायच्या तीन महिने आधी शेवटची खुडणी, त्यानंतर झाडाला कात्री दाखवायचीच नाही. खुडणीच्या काळात नत्र असलेलं खत, कळ्या दिसायला लागल्यावर ते बंद करून पोटॅशवालं. पाणी मुळाशी, पानांवर नाही, नाहीतर काळपट ठिपके पडतात. कोवळ्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, येतेच, ती मी नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवून काढते, सकाळी, म्हणजे पानं लगेच सुकतात. मोठी फुलं हवी असतील तर फांदीवर मधली एकच कळी ठेवून बाजूच्या मुगाएवढ्या असतानाच काढतात. मी एका कुंडीत केलं, फूल खरंच मोठं आलं, पण मला आपली झुपक्यानं फुललेलीच आवडते.

एवढं सगळं करूनही चारपैकी तीनच कुंड्या कळ्यांनी भरल्या, चौथी नुसती हिरवीगार. माती तीच, खत तेच, ऊन सगळ्यांना पाच-सहा तास. मी मुळं उकरून बघायच्या बेतात होते, तेवढ्यात एका रात्री दारात उभी असताना लक्षात आलं की दारावरचा दिवा बरोब्बर तिच्या डोक्यावर जळतोय, रात्रभर. शेवंती कळी धरते ती लांब रात्रीच्या भरवशावर, सलग अंधार मिळाला तरच. माझी बिचारी अजून उन्हाळ्यातच होती! फुलांची शेती करणारे नको तेव्हा कळी धरू नये म्हणून मुद्दाम रात्री दिवे लावतात, ते मी फुकटात करत होते.

त्याच रात्री कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात नेली, दिवसा उन्हात, रात्री आत, असं रोज. बाकीच्या फुलून सुकल्या, त्यांना मी जमिनीपासून 10-12 सेंमीवर छाटलंही, बुडातनं मुनवे, म्हणजे मुळाशी फुटणारे नवे कोंब, यायला लागले, आणि तेव्हा कुठे, जवळपास दोन महिन्यांनी, हिची पहिली कळी उमलली. पुढच्या वर्षीची रोपं त्या मुनव्यांचीच करणार, जुनं खोड दरवर्षी कमजोर होत जातं.

दाराच्या दिव्याखाली सध्या कोरफड ठेवलीय.