नरक्याचा निळा ठिपका

काल संध्याकाळी टीएलसीची, म्हणजे अर्कातले घटक वेगवेगळे करून दाखवणारी, प्लेट यूव्ही दिव्याखाली धरली. नरक्याच्या सालीच्या अर्काचा ठिपका निळाशार उजळला. शेजारी माझ्या कॅलसचा, म्हणजे बाटलीत वाढवलेल्या नरक्याच्या पेशींच्या गोळ्याचा अर्क, तिथे डोळे ताणून पाहिलं तेव्हा कुठे पुसटशी निळी छटा. आठ महिने जपलेल्या पेशी आहेत त्या. आधी काळ्या पडायच्या, मग बुरशी यायची, आता कुठे फोफावल्या होत्या. फार वाईट वाटलं.

नरक्या आमच्या आंबा घाटातला. झाड लहानसं, फुलांना घाणेरडा वास. लहानपणी नाक दाबून पुढे पळायचो. त्यातलं निळं चमकणारं, कर्करोगाविरुद्ध काम करणारं रसायन म्हणजे कॅम्प्टोथेसिन. 1966 साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते एका चिनी झाडातून वेगळं करून त्याची रचना मांडली. वाणी आपल्या नंदुरबारचे! वर्गात हे सांगितलं की मुलं सावरून बसतात.

डीएनएचा पीळ सोडवताना टोपोआयसोमरेज हे एन्झाइम एक धागा कापतं, पीळ सैल झाला की पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापलेल्या जागी पाचरीसारखं बसतं. धागा पुन्हा जोडायचा राहून जातो आणि भराभर विभागणारी पेशी मरते. मग झाड स्वतः कसं जगतं? त्या चिनी झाडाच्या एन्झाइममध्ये ॲस्पॅराजिन या अमिनो आम्लाच्या जागी लायसिन आहे. एवढ्या एका बदलाने पाचर धरत नाही. या औषधाला दाद न देणाऱ्या कर्करोगाच्या पेशींमध्येही याच जागी बदल सापडला. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मावशीला आतड्याच्या कर्करोगावर इरिनोटेकॅन दिलं होतं. ते याच रेणूपासून बनवतात. सलाइनच्या स्टँडकडे बघत तिला नरक्याची गोष्ट सांगितली, तर म्हणाली, "अगं, मग ती झाडं तोडतात कशाला?"

तोडतात, कारण झाडातच ते आयतं मिळतं. सह्याद्रीतला नरक्या चोरून तोडून पोती भरून गेलाय. कॅलसमधली पेशी वाढते, पण खोड नाही, मूळ नाही, तिथे हे रसायन जेमतेमच तयार होतं. ऑफिओरायझा या वनस्पतीच्या केसाळ मुळांनी मात्र ते बाटलीतल्या द्रवात सोडल्याचं जपानी संशोधकांनी दाखवलंय. म्हणजे मूळ न तोडता, नुसता द्रव काढून घ्यायचा.

सोमवारी नरक्याच्या कोवळ्या रोपांना ॲग्रोबॅक्टेरियम ऱ्हायझोजेनिस या केसाळ मुळं फुटवणाऱ्या जिवाणूची लागण करणार आहे. बिया मावशीने जपून ठेवलेल्या डब्यातल्याच आहेत.