शिडी, बाकडे आणि हेराची सोपी कामगिरी

यंदाच्या जत्रेला पेडण्याकडच्या आमच्या देवळात रात्री दशावतारी नाटक होते आणि मला जागा मिळाली ती पखवाजवाल्याच्या अगदी शेजारी, रंगमंचाच्या कडेला. समोर बसणाऱ्यांच्या सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट तिथून स्पष्ट दिसते. राजा आणि राक्षस यांचे युद्ध जुंपले की दोघांचे डोळे एकमेकांवर रोखलेले असतात, पण कान मात्र पखवाजाकडे लागलेले असतात. तलवारीवर तलवार आपटते ती समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, गिरकी थांबते तीही समेवर, आणि राक्षसाने मुद्दाम अर्ध्या मात्रेचा उशीर केला की मंडपात हशा पिकतो. त्यानंतरच्या रविवारी भाचीच्या आग्रहाखातर मी जॅकी चॅनचा ‘फर्स्ट स्ट्राइक’ पुन्हा एकदा पाहिला आणि जत्रेच्या रात्री जे पाहिले होते तेच पडद्यावर दिसू लागले. लहानपणी मामांच्या घरी हा चित्रपट भाड्याच्या कॅसेटवर पाहिला तेव्हा मला त्यातल्या फक्त मारामाऱ्या दिसल्या होत्या.

हा चित्रपट १९९६ साली चिनी नववर्षाच्या हंगामात हाँगकाँगमध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक स्टॅनली टाँग, आणि ‘पोलीस स्टोरी’ मालिकेतला हा चौथा. त्याच्या चिनी नावाचा अर्थ ‘सोपी कामगिरी’ असा होतो. हाँगकाँगच्या एका पोलीस अधिकाऱ्याला सांगण्यात येते की विमानाने युक्रेनला निघालेल्या एका संशयित बाईवर नजर ठेवायची, विमान उतरले की तुझे काम संपले. ते अर्थातच संपत नाही. चोरीला गेलेल्या अण्वस्त्राच्या मागावर तो बर्फातून थेट मॉस्कोत आणि तिथून ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला जाऊन पोहोचतो, आणि ज्याच्यावर भरवसा ठेवावा तोच उलटतो. हेरकथा म्हणून यात फारसे काही नवे नाही, आणि कोण कुणासाठी काम करतो आहे याचा हिशेब ठेवताना मध्येच धागा सुटतो, हे मान्य केले पाहिजे.

तरीही त्या कथेतली एक बाब मला गोव्याचा माणूस म्हणून जवळची वाटते. या नायकाजवळ ना उंची सूट आहे, ना करामती घड्याळ. अमेरिकेची सीआयए त्याला एक काम देते, रशियाची गुप्तचर यंत्रणा दुसरे देते, आणि तो बिचारा आपल्या वरिष्ठांचा हुकूम म्हणून दोन्ही कामे करत जातो. चित्रपट आला तेव्हा हाँगकाँग अजून ब्रिटिशांच्या ताब्यात होते आणि १ जुलै १९९७ रोजी ते चीनकडे जायचे होते. लहानशा मुलखातला शिपाई आणि त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलणाऱ्या मोठ्या सत्ता, हे चित्र आमच्याकडच्या १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज राजवटीच्या आठवणी सांगणाऱ्या पिढीला समजावून सांगावे लागणार नाही. बर्फाच्या उतारावर बंदूकधारी मागे लागलेले असताना तो हेलिकॉप्टरला लोंबकळतो आणि गोठलेल्या पाण्यात कोसळतो, तेव्हा भिजून कुडकुडणारा तो माणूस मला कुठल्याही रुबाबदार हेरापेक्षा जास्त खरा वाटतो.

पण हा चित्रपट ज्यासाठी पाहावा ते म्हणजे ब्रिस्बेनमधल्या चिनी वस्तीतला शिडीचा प्रसंग. गैरसमजातून काही जण त्याच्यावर चालून येतात, त्याला कुणाला दुखवायचे नसते, आणि हाताशी लागते ती एक घडीची अॅल्युमिनियमची शिडी. पुढच्या काही मिनिटांत ती शिडी काय काय होते ते मोजत बसावे! आधी ती ढाल होते, मग गरगर फिरणारे शस्त्र, मग वाट. तो तिच्या पायऱ्यांमधून आत शिरतो, दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो आणि मागून आलेला माणूस तिच्यात अडकून पडतो. कॅमेरा बहुतेक वेळ इतका मागे ठेवलेला असतो की माणूस आणि शिडी दोन्ही डोक्यापासून पायापर्यंत दिसतात, त्यामुळे इथे काही लपवलेले नाही अशी आपली खात्री पटते. आजच्या अनेक मारधाडपटांत प्रत्येक ठोशाला दृश्य तुटते आणि कोणी कुणाला मारले तेच कळत नाही. ते पाहून डोके दुखणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर पाहावा.

मला शिडी पाहताना आठवले ते दशावताराचे बाकडे. मागे पडदा, पुढे एक साधे लाकडी बाकडे, बाकी नेपथ्य असे काही नसतेच. त्यावर राजा बसला की ते सिंहासन, त्यावर देव उभा राहिला की डोंगर, आणि राक्षस त्यामागे दडला की ते अरण्य. या दोन्ही ठिकाणी वस्तू एकच असते आणि तिला अर्थ देणारे असते ते नटाचे अंग. हे साम्य केवळ माझ्या मनाचे खेळ नसावेत, कारण जॅकी चॅन नाटकाच्याच शाळेत वाढलेला आहे. १९५४ साली जन्मलेल्या या मुलाला सातव्या वर्षाच्या सुमारास आईवडिलांनी हाँगकाँगमध्ये यू जिम-युएन या गुरूंच्या, बीजिंगच्या परंपरेतले संगीतनाट्य शिकवणाऱ्या शाळेत कराराने ठेवले. दहा वर्षे गाणे, कोलांट्या, शस्त्रे आणि मार असे त्याचे शिक्षण झाले. बीजिंगच्या त्या नाट्यपरंपरेत छोटा ढोल आणि लाकडी चिपळ्या वाजवणारा वादक सगळ्या वाद्यमेळ्याला चालवतो आणि रंगमंचावरचे युद्ध त्याच्या ठोक्यांवर बेतलेले असते. पखवाजाशेजारी बसून मी जे पाहिले ते याहून वेगळे कुठे होते?

भाचीने मात्र एक प्रश्न विचारला आणि मी बराच वेळ गप्प राहिलो. ती म्हणाली, “मामा, तो दुसऱ्याला मारतो तेव्हा हसू येत नाही, त्याला लागतं तेव्हाच का येतं?” मला सुचले ते उत्तर असे की त्याला लागले आहे हे तो लपवत नाही. ठोसा मारून झाल्यावर तो आपलाच हात झटकतो, तोंड वेडेवाकडे करतो, संधी मिळेल तिथे पळ काढतो. आमच्या दशावतारातला राक्षस संकासूरही असाच मंडपाला हसवतो, मोठ्या आवेशाने येतो आणि मार बसला की लहान मुलासारखा कळवळतो. शिवाय चॅनच्या चित्रपटांत शेवटी नामावलीबरोबर फसलेले प्रयत्न दाखवण्याची पद्धत आहे, तिथे तर खरोखरीच लागलेले दिसते. १९८६ च्या सुमारास युगोस्लाव्हियातल्या चित्रीकरणात झाडावरून पडून त्याची कवटी फुटली होती, हे मी भाचीला सांगितले तेव्हा ती हसायची थांबली.

शार्क माशांच्या टाकीतला पाण्याखालचा शेवट मला पूर्वी फार आवडायचा. आता तो लांबलेला वाटला, कारण पाण्यात अंगाला वेग मिळत नाही, ठोका पडत नाही आणि मग ज्या लयीवर सगळे उभे आहे तीच हातातून निसटते. कल्पना मात्र धाडसाची आहे, आणि एकमेकांची हवा पळवण्याच्या झटापटीत थोडी मौजही आहे.

चित्रपट संपल्यावर भाचीने शिडीचा प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. या वेळी मी आवाज पूर्ण बंद केला आणि तिला फक्त पाहायला सांगितले. सुरुवातीला ती नुसतीच बसून होती. मग शिडी पहिल्यांदा गरगरली तशी तिची बोटे जेवणाच्या टेबलावर आपोआप पडू लागली आणि शिडी जमिनीवर टेकली त्या क्षणी तिचा तळहात टेबलावर आपटला, अगदी समेवर.