आरतीच्या वेळचं तोंड

सोमवार, रात्री

पालखी आत गेल्यावर वहिनींनी तळीपाशी गाठलं. म्हणाल्या, "तुज्या तोंडार कितलें समाधान दिसता गो आरतेवेळार!" मी हसले. आरतीच्या वेळी माझ्या डोक्यात गॅस होता. बंद केला की नाही ते आठवत नव्हतं.

वाक्य साधं, कौतुकाचं. तरी घरी येईपर्यंत टोचत राहिलं, अजून टोचतंय. त्यांना जे दिसलं ते माझ्यात नाहीच, हे त्यांना कोण सांगणार?

पूर्वी असं नव्हतं. वाजप सुरू व्हायचं, आमचा देव मंगेश पालखीत बसून बाहेर यायचा आणि अंगावर काटा यायचा. डोळे आपोआप भरायचे, पदर शोधावा लागायचा. आता तेच वाजप, तीच अबोलीची माळ, आणि आत काहीच हलत नाही. बाबांच्या त्या सगळ्यानंतर असेल. ते आज लिहायचं नाही.

एवढे सोमवार केले, एवढे उपास केले, आणि हातात काय आलं? लोकांच्या अंगात येतं, मला जांभई येते. शेजारची पोर परीक्षेपुरती देवळात येते आणि घळाघळा रडते. मला हेवा वाटला तिचा. खरं सांगायचं तर रागच आला.

तुकोबांची गाथा काढून बसले मघाशी. दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला, तरी हा माणूस विठ्ठलाशी हक्काने भांडतो, त्याला वाटेल ते बोलतो. पण भांडायला तरी समोर कुणीतरी असल्यासारखं वाटावं लागतं. माझ्यापाशी भांडणही नाही. कोरडं म्हणजे अगदी कोरडं. गाथा मिटून ठेवली.

टीचरांना मागे एकदा हे बोलून दाखवलं होतं. देवळातल्या कुणाला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून चर्चला जाणाऱ्या बाईला सांगितलं. त्या जराही दचकल्या नाहीत. मदर तेरेझांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, छापून आली. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं म्हणे, आणि फोटोत बघावं तर चेहरा हसरा. (म्हणजे वहिनींसारखं कौतुक करणारे त्यांनाही भेटलेच असणार.) टीचरांनी आणखी एक सांगितलं. जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे त्या झेवियरांचे सोबती इग्नेशियस, त्यांनी अशा कोरड्या दिवसांसाठी नियमच घालून दिलाय: मन सुकलेलं असताना आधी धरलेला नेम बदलायचा नाही. उलट प्रार्थनेला ठरल्यापेक्षा थोडा जास्तच वेळ बसायचं. पहिलं पटलं. जास्त वेळ बसायचं म्हणजे मात्र जुलूम झाला.

गंमत बघा. हे इग्नेशियस १५५६ मध्ये गेले, आणि १५६० मध्ये त्यांनीच काढलेल्या जेझुइट पंथाच्या पाद्र्यांच्या नि पोर्तुगीज राजवटीच्या धाकाने आमचा मंगेश कुशस्थळी गाव सोडून जुवारी नदीपलीकडे आला. आणि आज मला धीर द्यायला त्यांचाच नियम उपयोगी पडतोय. देवाला विनोद कळतो एवढं तरी सिद्ध झालं.

पण त्या १५६० वरून एक विचार मनात आला आणि तो जात नाही. ज्यांनी ते लिंग उचलून नदीपार आणलं, त्यांच्या अंगावर तेव्हा काटा आला असेल का? आला असलाच तर भीतीने. कुणी बघेल का, होडी बुडेल का, पलीकडे जागा कोण देणार, पोरं कुठे निजवायची. भक्तिभाव दाटून यायला त्यांना सवड तरी होती का? त्यांना काय वाटत होतं हे आज कुणी विचारतही नाही. देव पलीकडे पोचला, आणि साडेचारशे वर्षांनंतरही सोमवारी पालखी निघते. त्यांनी मन भरून येईपर्यंत थांबायचं ठरवलं असतं तर आज मी कुठल्या देवळात उभी राहून गॅसची काळजी केली असती?

हे लिहिताना जरा हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

हे मघाशी झोपाळलेल्या आवाजात म्हणाले, एवढं वाटतंय तर देवीकडे प्रसाद लाव, कौल घे. काय विचारू? "तू अजून आहेस का?" आणि मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडची पडते (म्हणजे हो) की डावीकडची (म्हणजे नाही), ते बघत भटजींच्या मागे उभी राहू? डावीकडची पडली तर काय सोमवार सोडणार आहे मी? नाही सोडणार, हे मला आत्ताच माहीत आहे. आणि उजवीकडची पडूनही पुढच्या आरतीला जांभई आली, तर तक्रार नेमकी कुणाकडे करायची?