‘व्हॅलियंट’ आणि डॉकिंगचा कागद

तरंगत्या गोदीत, म्हणजे जहाजाला पाण्याबाहेर उचलून धरणाऱ्या तरंगत्या ढाच्यात, जहाज चढवायचं म्हणजे गोदी बुडवायची, जहाज आत घ्यायचं आणि गोदीच्या टाक्यांतलं पाणी उपसायचं. मेख आहे ती कुठली टाकी कधी उपसायची यात. जहाज जिथे जड तिथे गोदीने जोर लावायला हवा. हिशेब चुकला तर गोदीच वाकते. आणि जहाज कुठे किती जड, हे सांगतो जहाजावरून आलेला कागद.

त्या दिवशी कागदावर जहाजाची पुढची बॅलास्ट टाकी (तोल राखायला पाणी भरायची टाकी) रिकामी होती, पण नाळेवरचे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरचे, ड्राफ्टचे (जहाज पाण्यात किती बुडलंय त्याचे) आकडे वेगळंच बोलत होते. मी पंप थांबवले. जहाजाचा चीफ ऑफिसर म्हणाला, “साहेब, दोन-तीनशे टनांनी काय होतंय?” मालकांचा माणूस घड्याळ दाखवू लागला. या लोकांना गोदी म्हणजे लिफ्ट वाटते.

मग मी त्यांना ‘व्हॅलियंट’ची गोष्ट ऐकवली. ही ब्रिटिश युद्धनौका. मार्च १९४१मध्ये ग्रीसजवळच्या मॅटापानच्या लढाईच्या रात्री तिने इटालियन क्रूझर बुडवायला हातभार लावला. सर्चलाइटवर होता पुढे राणीचा नवरा झालेला तरुण फिलिप. त्याच डिसेंबरात अलेक्झांड्रिया बंदरात इटालियन डायव्हरांनी तिच्या पोटाखाली सुरुंग ठेवला. तळ फाटला, तरी दुरुस्त होऊन ती कामाला लागली.

आणि ८ ऑगस्ट १९४४ला श्रीलंकेतल्या त्रिंकोमालीत, शत्रू आसपासही नसताना, ती आपल्या मुंबईतच बांधलेल्या तरंगत्या गोदीत चढत होती. दारूगोळा भरलेला, तिच्या १५ इंची तोफांचा एकेक गोळा पाऊण टनाहून जड. टाक्या चुकीच्या क्रमाने उपसल्या गेल्या, टोकांवर भलता ताण आला आणि गोदीची पाठ मोडली. बॉयलरमध्ये वाफ होती म्हणून जहाज वाचलं, पण आतल्या बाजूचे दोन्ही पंखे (प्रोपेलर) आणि एक सुकाणू गेलं. लढाईत ती पुन्हा उतरलीच नाही.

चीफ ऑफिसर गप्प झाला. त्याच्या जहाजाच्या पुढच्या टाकीत साउंडिंग घेतलं, म्हणजे पाण्याची खोली मोजली, तर ती जवळपास भरलेली! कागद कुठल्या तरी जुन्या फेरीचा, तारीख तेवढी बदललेली. नवा क्रम बसवून जहाज चढवेपर्यंत संध्याकाळ झाली. खोळंब्याच्या भाड्यावरून अजून पत्रं येताहेत.

आमच्या ज्युनिअरने विचारलं, “सर, खरंच मोडली असती का?” रात्री मी जुन्या क्रमाने गणित करून पाहिलं. नसती मोडली, वाकण्याच्या मर्यादेत बरीच जागा उरत होती. हे त्याला सांगितलं. मालकांच्या माणसाला अजून सांगितलेलं नाही, आणि सांगावं असं वाटतही नाही.